भिंतीवरची ताई

भिंगरीला कोणी "जरा टेक की" म्हटलं, तर ती खरोखर नुसती टेकायची. खुर्चीच्या कडेवर, एक पाय दाराच्या दिशेला. पाण्याचा घोट घ्यायची आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत खिडकीशी जाऊन उभी राहायची. लहानपणी तिचा एक घास टेबलाशी व्हायचा आणि दुसरा जिन्यात. वडिलांनी तेव्हाच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की शाळेच्या हजेरीत खरं नाव पुकारलं तर तीच इकडेतिकडे बघायची.

नोकऱ्या तिने पुष्कळ केल्या. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, दाढ दुखणारी माणसं इथे शांत बसतात, तुम्हाला काय होतंय?" टेलिफोनच्या ऑफिसात तिने वायर ओढून ओढून दोनदा हेडफोन तोडला. वाचनालयात तर आठवडाभरही निभाव लागला नाही, कारण तिथे चपलांचा आवाजही चालत नव्हता. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. शांत माणूस, कमी बोलायचा. बायकोची नोकरी सुटल्याची बातमी आली की म्हणायचा, "आमच्या घरात एक जण उभा फिरतो, एक आडवी फिरते. घर काय ते रिकामंच."

खरं तर तिला हक्काची जागा होती. आईचं शिवणाचं दुकान. चढावरच्या गल्लीत, कोपऱ्यावर. पुढून एक दार आणि काचेची खिडकी, आणि बाजूच्या बोळाकडे तोंड केलेली एक उंच, आंधळी भिंत. आईच्या माघारी ते दोघी बहिणींकडे आलं. ताई आठ वर्षांनी थोरली. ताई बेतायची, शिवायची. भिंगरी कापड आणायची, लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, तयार कपडे पोचते करायची. ताई मशीनवर आणि भिंगरी रस्त्यावर. ही वाटणी कोणी केलेली नाही, ती आपोआप झाली, असंच भिंगरी समजून चालली होती. बरी चालली होती दोघींची.

मग ती भिंत रंगली.

झालं असं, की ताईच्या पित्ताशयात खडे निघाले आणि तिला हॉस्पिटलात राहावं लागलं. नेमका त्याच दिवसांत एक चित्रकार खांद्यावर शिडी घेऊन गल्लीगल्लीत भिंती मागत फिरत होता. लांबच्या लांब हातांचा, कोपरापर्यंत रंगलेला. "भिंत द्या. रंग माझा, मेहनत माझी," म्हणाला. भिंगरीने कुणाला विचारायचं असतं हे मनात यायच्या आतच हो म्हटलं. "काढू काय?" त्याने विचारलं. तिने मोबाईलमधला ताईचा एक फोटो दाखवला. ताई मशीनवर वाकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, ओठांत टाचण्यांची रांग. भिंगरीचा तो आवडता फोटो होता. ताईला खूश करावं, घरी येईल तेव्हा तिला धक्का द्यावा, याच्यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं.

धक्का बसला. ताई टॅक्सीतून उतरली, पोटाच्या टाक्यांवर हात दाबून, आणि समोर बघतच राहिली. दोन मजले उंच ताई. पाठीची कमान भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मशीनखालून निघालेलं निळं कापड गटारापर्यंत वाहत आलेलं. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई एकेक इंच बघत होती, खालून वर, वरून खाली. मग म्हणाली, "एवढं मोठं कुबड काढायला रंग तरी किती लागला गं?"

आणि आत निघून गेली.

तिने भिंगरीशी थेट बोललेलं ते पुढच्या कित्येक वर्षांपुरतं शेवटचं वाक्य ठरलं. संध्याकाळपर्यंत राग उतरेल असं भिंगरीला वाटलं. मग वाटलं, आठवड्यात उतरेल. ताई भांडत नव्हती, रडत नव्हती. ती मशीनशी बोलायची, कात्रीशी बोलायची. "मापं घ्यायला कुणी नसलं तरी माझं अडत नाही," असं तिने एकदा इस्त्रीला सांगितलं. भिंगरीने माफी मागून पाहिली, चिडून पाहिलं, भिंत पुसायची तयारीही दाखवली. ताईने त्यावर हूं की चूं केलं नाही. शेवटी भिंगरीने दुकानात जाणं सोडलं.

इकडे चित्राचा मात्र गाजावाजा झाला. पेपरात फोटो आला. लोक चढ चढून बघायला येऊ लागले. त्यात एक तरुण बाई आली. तिला शहर पायी दाखवण्याचा धंदा काढायचा होता. तिने बोळात घुटमळणाऱ्या भिंगरीला सहज विचारलं, "अशा आणखी भिंती आहेत का जवळपास?" भिंगरीने तिला दुपारभर असं काही फिरवलं की बाईच्या बुटांचे सोल उचकटले. चहा प्यायला बसता बसता बाई म्हणाली, "तुम्हीच याल का गाईड म्हणून?" तेव्हापासून ती बाई भिंगरीची मॅडम झाली.

आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरीला तिच्या पायांना साजेसं काम मिळालं. अर्ध्या दिवसाची फेरी. थोडी खरेदी, थोड्या भिंती, आणि घसा ओला करायला मध्ये एक मुक्काम. जुन्या पोस्टाच्या पायऱ्यांपाशी मंडळी जमायची. भिंगरी त्यांच्याकडे तोंड करून उलटं चालत बोलायची, आणि खांब, पायरी, कुत्रं, काही न बघता बरोबर चुकवायची. आधी टोप्यांचं दुकान, मग पिशव्या आणि तयार कपड्यांची दोन लहान दुकानं, जिथे एका प्रकारचा एकच नग असतो. मग कोल्डस्टोरेजच्या मागच्या भिंतीवरचा देवमासा, विजेच्या मीटरपेट्यांवरच्या मांजरी, रंगवलेला लांबच लांब जिना. मग जुन्या गॅरेजातलं बिअरचं दुकान, जिथे तीन छोट्या ग्लासांत तीन चवी देत. आणि शेवटी चढावरची गल्ली, ती भिंत आणि तिला लागून असलेलं ताईचं दुकान. मॅडमनी आपल्या पत्रकावर त्याला "बुटीक" करून टाकलं होतं. ताईने पाटी बदलली नाही, पण खिडकीत दोन झगे टांगले.

मंडळी आत जायची. भिंगरी बाहेर, दिव्याच्या खांबाशी. एक पाय खांबाला, मग दुसरा, मग गल्लीच्या तोंडापर्यंत एक चक्कर. आतून निरोप यायचे. कुणीतरी गिऱ्हाईक हसत बाहेर येऊन सांगायचं, "त्या आतल्या ताई म्हणतायत, तुमच्या गाईडबाईंना सांगा, उजेड अडवू नका." कधी, "त्या म्हणतात, गाईडबाईंच्या बुटाची लेस सुटलीये." भिंगरी खाली बघायची, तर लेस खरंच सुटलेली असायची. अशी सहा वर्षं गेली.

एकदा एका पर्यटक बाईने दुकानातून येऊन विचारलं, "भिंतीवरच्या त्या तुमच्याच आहेत म्हणे?"

"माझ्या म्हणजे?"

"आम्ही आतल्या ताईंना म्हटलं, चित्रातल्या तुम्हीच ना? तर त्या म्हणाल्या, छे, ती माझी धाकटी बहीण. बसून बसून पाठ गेली बिचारीची."

भिंगरीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती त्या दिवशी मंडळींना सोडून एकटीच दोन गल्ल्या पुढे चालत गेली. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला हातातला चहा खाली ठेवावा लागला.

मग भिंतीला ओल आली. वरचा पाइप गळत होता. आधी ताईची हनुवटी पोपडा होऊन पडली, मग टाचण्या, मग चष्म्याची एक काच. मॅडमचा जीव खालीवर होऊ लागला. "ते चित्र म्हणजे आपल्या फेरीचा शेवट. तेच गेलं तर लोक काय बघायला चढ चढतील?" त्यांनी त्या चित्रकाराला गाठलं. तो आता मोठा झाला होता, तरी हो म्हणाला, पण एका अटीवर. या वेळी चित्रातल्या बाईंची परवानगी हवी. मागच्या वेळी ती नव्हती, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"तुमच्याच ताई आहेत ना? विचारा की," मॅडम म्हणाल्या, जणू वाटीभर साखर मागायची होती.

भिंगरीची झोप उडाली. ती मंडळींना नेताना देवमाशाला मांजर म्हणाली. गल्लीच्या तोंडापर्यंत जायची, शब्द जुळवायची आणि परत फिरायची. भाजीवाल्याने विचारलं, "काही हरवलं का?" शेवटी नवऱ्याने दुकानाच्या शटरला तेल घालायचं निमित्त काढलं आणि तो गेला. त्याचं आणि ताईचं पहिल्यापासून बरं होतं. तो परत आला तेव्हा भिंगरी दारातच उभी होती.

"काय म्हणाली?"

"चहा दिला."

"आणि?"

"बिस्किटंही दिली."

"अहो!"

"म्हणाली, आधी तुमची ती फेरी बघीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग सांगीन हो की नाही. तिकीट काढून येणार म्हणाली, नात्याची सवलत नको."

ठरलेल्या दिवशी पोस्टाच्या पायऱ्यांवर भिंगरी तासभर आधीच जाऊन येरझाऱ्या घालत होती. मंडळी जमली. ऑफिसातल्या दोन मैत्रिणी, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक बोलके गृहस्थ. आणि सगळ्यांच्या मागून ताई. करड्या रंगाचा कोट, तेल लावून चापून बांधलेले केस, पायात नवे बूट. तिकीट तिने असं पुढे धरलं जणू भिंगरी तपासनीस होती.

"नमस्कार मंडळी," भिंगरी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. उलटं चालायला लागली तर पहिल्याच खांबाला पाठ आपटली.

"लागलं का हो गाईडबाई?" ताईने विचारलं. अगदी सभ्यपणे.

टोप्यांच्या दुकानात ताईने काही हातात घेतलं नाही. कॅमेऱ्याचे गृहस्थ तिच्याजवळ गेले. "आपण या शहरात पहिल्यांदाच?"

"हो," ताई म्हणाली. "नवीनच आहे मी."

तयार कपड्यांच्या दुकानात मात्र ती एका कोटापाशी थांबली. कोट हळदीसारखा पिवळाजर्द, मोठ्या कॉलरचा, ताईला शोभणार नाही असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. भिंगरीला वाटलं, आता ही शिवण उलटून बघणार आणि चारचौघांत नाक मुरडणार. ताईने शिवणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने तो हँगरवरून काढला आणि अंगात घातला.

"दुसऱ्याने शिवलेलं घालून कसं वाटतं ते बघते," ती दुकानदारणीला म्हणाली. "शाळेत असल्यापासून घातलं नाही."

ती आरशासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "असाच घालून जाते. माझा जुना पिशवीत टाका."

पुढच्या वाटेवर तो पिवळा कोट मंडळींच्या मधोमध चालत होता आणि भिंगरीला दुसरं काही दिसत नव्हतं. देवमाशापाशी ताई मान वर करून उभी राहिली. कोल्डस्टोरेज तिच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं.

"हे कधी झालं?"

"चार वर्षं झाली," भिंगरी म्हणाली. एवढंच. ताई देवमाशाच्या डोळ्यापासून शेपटीपर्यंत चालत गेली आणि परत आली. मांजरींच्या पेट्या तिने बोट लावून मोजल्यासारख्या पाहिल्या. रंगीत जिन्याच्या मध्यावर ती दम घ्यायला थांबली, तेव्हा तिथून खाली आपल्या दुकानाचं छप्पर दिसतं हे तिला कळलं. "एवढंसं आहे होय," ती पुटपुटली. कुणाला म्हणाली ते भिंगरीला समजलं नाही.

गॅरेजात सगळे उंच स्टुलांवर बसले. छोटे ग्लास आले. ताईने पहिल्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. भिंगरी ग्लास वाटत तिच्यापाशी आली. आजूबाजूला गप्पा चालू होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं.

"कडू असेल तर ठेव, ताई."

"ठेव काय? तिकीट काढलंय." ताईने ग्लास संपवला.

"पाय दुखले असतील. तिकडे पाठ टेकायची खुर्ची आहे. तिथे बस थोडी."

ताईने ग्लास टेबलावर ठेवला. जरा जोरातच.

"बस, बस, बस. तू पण तेच. मला बसायला आवडतं असं तुला कुणी सांगितलं गं?"

भिंगरी हातात ट्रे घेऊन उभी. सहा वर्षांनी ताईचे डोळे तिच्या डोळ्यांत होते.

"एक नाटक कंपनी यायची, आठवते? तिची मालकीण आईकडे कपडे शिवून घ्यायची. तिने मला विचारलं होतं. कपडेपट सांभाळायला ये म्हणाली. वर्षातले आठ महिने दौऱ्यावर. रोज नवं गाव. मी हो म्हणून बसले होते. पेटी भरली होती मी."

"मग?"

"मग तू दवाखान्याची नोकरी सोडून आलीस आणि दुसऱ्या दिवशी तिसरीच धरलीस. आईचे डोळे तेव्हा अधू व्हायला लागले होते. ती म्हणाली, दोघींच्या पायाला चाकं लागली तर दुकानात बसणार कोण? तू तिथे नव्हतीस. तू कुठेतरी गेली होतीस. मी पेटी उपसली."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"मी सांगावं एवढा वेळ तू कधी थांबलीस?"

ताईने दुसरा ग्लास उचलला. "आणि मग तू ते सगळ्या गावाला भिंतीवर काढून दाखवलंस. ही बघा, बसलीये."

कॅमेऱ्याचे गृहस्थ मध्येच आले. "गाईडबाई, यात मध घातलाय का हो?" भिंगरीने मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, तिला नंतर आठवेना. बाकीचा वेळ तिने गॅरेजच्या दारात घालवला, आत-बाहेर, आत-बाहेर. दवाखान्याची ती नोकरी तिने का सोडली होती? खिडकी रस्त्याकडे उघडत नव्हती म्हणून. बस्स, एवढ्याचसाठी.

चढ चढून मंडळी भिंतीशी पोचली. हनुवटी नाही, एका डोळ्यावर काच नाही, पण पाठीची कमान होती तशीच. भिंगरी सवयीने म्हणाली, "आता पुढच्या अंगाला दुकान आहे, मंडळी. आत जाऊन बघून घ्या."

"का हो?" ताई मागून म्हणाली. "या चित्राची माहिती नाही सांगणार?"

मग भिंगरीला सांगावं लागलं. तेच, रोजचं, तोंडपाठ. ही बाई गेली कित्येक वर्षं याच जागी, याच मशीनवर बसून साऱ्या गल्लीचे कपडे शिवतेय, जग इकडचं तिकडे झालं पण ही जागची हलली नाही. रोज या वाक्याला लोक "वा" म्हणायचे. आजही म्हणाले. भिंगरीला पहिल्यांदाच स्वतःचे शब्द ऐकू आले आणि तिचे कान तापले. तिने पुढचं सगळं गाळलं.

कॅमेऱ्याच्या गृहस्थांनी भिंतीचे फोटो काढले. मग ताईला म्हणाले, "जरा बाजूला होता का? तुमचा कोट फार चमकतोय, चित्रातल्या बाईंवर प्रकाश नीट येत नाही." ताई बाजूला झाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आभार मानले आणि पुढे गेले.

ताई भिंगरीजवळ आली. तिचे गाल लाल झाले होते, चढामुळे की ग्लासामुळे कोण जाणे.

"ओळखलं नाही त्याने मला," ती म्हणाली, आणि खुदकन हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पुसून टाका म्हणावं. पुन्हा काढू नका. दुसरं काय हवं ते काढा, माणूस नको. आणि तू आत ये, उजेड अडवतेस."

ताईने किल्ली काढून शटर वर केलं आणि तिच्यामागून भिंगरी आत गेली. मशीन, कात्री, इस्त्री, सगळं जागच्या जागी होतं. दोघींनी मिळून मंडळींना कपडे दाखवले आणि एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांची सवय होती, ती एका दुपारीत कशी जाणार?

त्याच आठवड्यात ताईने भिंगरीच्या लिफ्टवाल्या नवऱ्याच्या हातात दुकानाच्या किल्ल्या दिल्या. नाटक कंपनी केव्हाच बुडाली होती, पण तिची मालकीण जिवंत होती, समुद्रकाठच्या एका गावात म्हातारी होऊन राहिली होती आणि दरवर्षी ताईला ये म्हणत होती. "पंधरा दिवस जाते. भिंगरीला म्हणावं, गिऱ्हाईकं तेवढी सांभाळ," असा निरोप ठेवून पिवळा कोट बसमध्ये बसून निघून गेला.

मॅडम तडकल्या. आधी चित्र जाणार, वरून गाईडही रजेवर. त्यांनी घाईघाईने दुसरा गाईड नेमला. तो रोज मंडळींना घेऊन यायचा आणि मीटरपेट्यांवरच्या मांजरींबद्दल वाटेल ते सांगायचा. भिंगरीला काचेतून ऐकू यायचं आणि तिची जीभ शिवशिवायची.

पण दुकान सोडता येत नव्हतं. दुकान म्हणजे काय असतं हे तिला आता कळलं. सकाळी शटर वर, मग वाट बघायची. कोणी येतं, कोणी येत नाही. कोणी नुसतं बघून जातं. जरा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यावं म्हटलं, तर नेमकं तेव्हाच कोणीतरी कुलपाशी उभं असतं. ती मशीनवर बसायची, चार टाके घालायची, उठायची, खिडकीतले झगे बदलायची, पुन्हा बसायची. मापं घेताना ती गिऱ्हाईकाभोवती इतक्या फेऱ्या मारायची की एक आजी म्हणाल्या, "पोरी, मलाच चक्कर येतेय." दुपारी पाय दुखायला लागायचे. दिवसभर शहर तुडवून जे पाय कधी दुखले नव्हते ते चार पावलांच्या खोलीत दुखू लागले. ताईने हे कसं केलं असेल? संतापून केलं असेल की मन मारून? आणि आपल्याला कधीच कसं दिसलं नाही? या प्रश्नापाशी आली की भिंगरी उठायची आणि फडकं घेऊन आधीच पुसलेली काच पुसायची.

चित्रकार आला. त्याने शिडी लावली, पोपडे खरवडले आणि पांढऱ्या रंगाचा हात द्यायला सुरुवात केली. खालून वर. आधी निळं कापड गेलं, मग मशीन, मग पाठ. भिंगरी बोळात उभी होती. पाठ झाकली जाताना तिला वाईट वाटलं, आणि लगेच सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे तिला समजेना.

"आता काय काढू?" तो वरून ओरडला.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "या बाबतीत मला अजिबात विचारू नका." तिने ताईला फोन लावला. पलीकडे वारा होता, कुणीतरी मोठ्याने गात होतं.

"ताई, भिंतीवर काय काढायचं?"

"मला काय ठाऊक? मी धक्क्यावर उभी आहे. त्यालाच ठरवू दे."

"आणि तू येणार कधी?"

"आवाज येत नाहीये गं," ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

चित्रकाराने बटणं काढली. ताटाएवढी, चाकाएवढी, नाना रंगांची, भिंतभर सांडलेली. मॅडम आल्या, बघून गेल्या, "ठीक आहे" म्हणाल्या. मंडळी बटण हातात धरल्यासारखे हात करून फोटो काढू लागली. गर्दी पूर्वीपेक्षा थोडी कमी झाली, पण थांबली नाही.

पंधरा दिवसांचा महिना झाला. ताई आली ती उन्हाने काळवंडून आणि थोडी जाड होऊन. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तिने पाहिलं, की मशीन खिडकीशी सरकवलंय.

"हे कुणी हलवलं?"

"मी. बाहेरचं दिसतं तिथून."

"टाके दिसायला नकोत? उजेड उलटा पडतो इथे."

"मला बाहेरचं दिसल्याशिवाय बसवत नाही!"

"मग कोण म्हणालं होतं बस म्हणून?"

"तूच म्हणालीस!"

सहा वर्षांचं साचलेलं भांडण त्या दुपारी गल्लीने ऐकलं. नाटक कंपनी निघाली, दवाखाना निघाला, कुबड निघालं. आईही निघाली. लिफ्टवाला दुकानाच्या दिशेने येत होता, त्याने आवाज ऐकला आणि तो जिथून आला होता तिथेच परत गेला. संध्याकाळी आला तेव्हा दोघी मशीन पुन्हा जुन्या जागी सरकवत होत्या आणि घामाघूम झाल्या होत्या.

त्यानंतर तोडगा निघाला तो असा, की अर्धा आठवडा भिंगरी दुकानात आणि अर्धा आठवडा रस्त्यावर. मॅडमनी कुरकुरत मान्य केलं, कारण नव्या गाईडच्या तक्रारी येऊ लागल्या होत्या. दुकानात असली की भिंगरी चिडचिडी असते, गिऱ्हाईकांना तिची सवय झाली आहे. ताई आता भिंगरीशी बोलते, नको इतकं बोलते, फोनवरून सूचना देते. ती मोकळ्या दिवसांत कुठे जाते ते सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "तू सांगायचीस का?"

थंडी पडली तेव्हा ताई पुन्हा निघाली. या वेळी कुठे, किती दिवस, ते नक्की नव्हतं. भिंगरी तिला पोचवायला बस स्टँडवर गेली. ताईने खिडकीची जागा पकडली आणि बस सुटायच्या आधीच शेजारणीशी गप्पा सुरू केल्या. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भिंगरी उभी होती. तिला हात करायचा राहून गेला.

दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. चढाची वाट डावीकडे होती. ती उजवीकडे वळली, कालव्याच्या बाजूने, जिथे फेरी कधी जात नव्हती. कशाला जातेय हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. एका वखारीच्या भिंतीवर कुणीतरी अर्धवट काहीतरी काढून सोडलं होतं, त्याच्यापुढे ती घटकाभर उभी राहिली, मग एका अनोळखी पुलावरून पलीकडे गेली आणि पुन्हा अलीकडे आली.

ती गल्लीत पोचली तेव्हा एक गिऱ्हाईक बाई शटरपाशी पिशवी घेऊन वाट बघत होती.

"उशीर केलात."

"हो, झाला खरा," भिंगरी शटर वर ढकलत म्हणाली. "आत या. माप घ्यायचंय ना? हात वर करा. नाही, तुम्ही बसू नका, उभ्याच राहा."